चार कड्या

जहीरभाऊंना एखादी गोष्ट विचारली आणि ती त्यांना येत नसली, तर ते 'येत नाही' असं कधी म्हणत नसत. 'त्याची गरजच नाई' असं म्हणत. धानोऱ्याच्या बसथांब्यापासून जरा पुढे, चार बल्ल्यांवर टाकलेल्या पत्र्याखाली त्यांचं सायकलचं दुकान. आधी वडिलांचं, मग त्यांचं. वाकडं चाक ते कानानं सरळ करत. आऱ्यांवर पान्याचं टोक मारत जायचं, आवाज कुठे बसका येतो ते ऐकायचं आणि तेवढीच तार ताणायची. अख्ख्या तालुक्यात हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यामुळे माणूस थोडा चढून बसला असेल, तर नवल नाही.

गिअरच्या सायकली आल्या आणि जहीरभाऊंची खरी पंचाईत झाली. पण तीही त्यांनी लोकांना कळू दिली नाही. पोरं गडचिरोलीहून हौसेनं गिअरवाली सायकल आणायची, जंगलच्या वाटेवर त्यात काटक्या अडकायच्या, चिखल बसायचा आणि सहा महिन्यांत गिअर अडून बसायचा. मग जहीरभाऊ म्हणत, काढून टाक, त्याची गरजच नाई. सगळं उतरवून मागे एकच साधं फ्रीव्हील बसवत, चेन कापून ताणून देत. चेनच्या बाबतीत वडिलांनी एकच नियम शिकवला होता: मधोमध बोटानं दाबली की बोटभर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी, दबली पाहिजे, त्याहून जास्त नाही. ढिली चेन म्हणजे कारागिराची बेअब्रू. चाळीस वर्षं त्या बोटानं जहीरभाऊंना दगा दिला नव्हता.

रंजीता आली ती या सगळ्यानंतर. कोसमटोल्याची ही बाई गावात आशाताई म्हणून काम करी. डोंगरापलीकडचे तीन टोले, म्हणजे वस्त्या, तेही तिच्याकडेच होते. लसीचा डबा, वजनाचा काटा, गोळ्यांची पिशवी, असा सगळा संसार पाठीवर घेऊन ती वर्षानुवर्षं पायी फिरलेली. एका संस्थेनं तिघी आशाताईंना नव्याकोऱ्या डोंगरी सायकली दिल्या. पुढे दात्यांची एकच चकती, मागे सात. सपाटीवर सायकल पाखरासारखी पळायची, पण कोसमटोल्याच्या चढावर डब्यासकट रेटेना. संस्थेच्या माणसानं तिला सांगितलं होतं की मागच्या चकत्यांचा संच बदलून घे, सगळ्यांत मोठी चकती ताटलीएवढी असेल असा बसव, मग चढ हलका होईल. तेच तिनं जहीरभाऊंना येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि विचारलं की होईल का तुमच्याकडून.

या वेळी 'गरजच नाई' म्हणता येईना, कारण गरज समोर उभी होती. जहीरभाऊ म्हणाले, होईल.

संच आणायला ते गडचिरोलीला गेले. तिथल्या दुकानात गल्ल्यामागे अतुल नावाचा तिशीतला माणूस बसतो. त्यानं संच दिला, मागचा लांब हातही दिला, आणि विचारलं की चेन पण घ्याल ना, मोठ्या चकतीला लांब लागते. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि तिची ढिलाई ओढून धरणारा जो लोंबता भाग मागे असतो, तोच तो हात. जहीरभाऊंना वाटलं, हा मला चेन शिकवतो. चेन म्हणजे आपलं घरचं काम. ते नुसते हसले, चेनही पिशवीत टाकली आणि बस पकडायला गेले. तिथेच विचारलं असतं, की लांब म्हणजे किती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

काम सुबक झालं. संच चकाकत होता. फक्त लहान चकतीवर चेन त्यांना ढिली दिसली. बोट लावलं, बोट दोन पेरं आत गेलं. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी चार कड्या काढल्या आणि पुन्हा जोडली. पायडल हातानं फिरवून लहान चकती पाहिली, मधली पाहिली. मोठीवर नेऊन पाहिली नाही. ती चढावर लागायची, इथं कशाला. कड्या त्यांनी नटांच्या डब्यात टाकल्या आणि सायकल रंजीताच्या हातात दिली. तिनं दोन्ही हात जोडले. त्यांना फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती सायकल खांद्यावर घेऊन आली. गुडघा फुटलेला, कोपर सोललेलं, लुगड्याला माती. अर्ध्या चढावर तिनं ती मोठी चकती लावली, तर चेन कडकन ताणली, मागचा हात उपटून चाकाच्या आऱ्यांत गेला आणि ती डब्यासकट आपटली. जहीरभाऊंनी तुटलेला भाग हातात घेतला. पाहताक्षणी त्यांना सगळं कळलं. चेनला त्या चकतीपर्यंत पोचायला लांबीच नव्हती. ती लांबी त्यांच्या डब्यात नटांखाली पडली होती.

दुकानात त्या वेळी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. खोटं बोलायला एवढं कारण पुरलं.

"गिअर असा झटक्यानं नसतो बदलायचा, बाई," जहीरभाऊ म्हणाले. "हे तुमच्यासारख्यायचं काम नाई."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लोक उगीच वापरतात. इथं नाचणारा अंगण सोडून समोरच्या बाईवरच खापर फोडून मोकळा झाला. रंजीता भांडली असती तरी ठीक होतं. ती म्हणाली, "माहीच चूक झाली भाऊ. नवी वस्तू मी मोडली." आणि मग तिनंच सांगितलं, गिअर काढून टाका, साधी करून द्या. जहीरभाऊंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी संच उतरवला, साधं फ्रीव्हील बसवलं, चेन बोटभर ताणली. तो चकाकता संच मात्र फेकवला नाही. खिळ्याला टांगून ठेवला.

खोकला गेला नव्हता, हे त्यांना दुसऱ्या दिवसापासूनच कळू लागलं. त्या खिळ्याकडे पाठ करून बसायची त्यांना सवय लागली. कुणी डब्यातला नट मागितला की ते डबा स्वतः उघडत, दुसऱ्याला हात घालू देत नसत. एकदा रस्त्यानं रंजीता जाताना दिसली. सायकल होती, पण ती तिच्यावर बसली नव्हती. डबा कॅरिअरला बांधून ती सायकल ढकलत चालली होती, कारण पुढे चढ होता आणि साध्या फ्रीव्हीलवर तो चढत नव्हता. तिनं हात केला. जहीरभाऊ पंप शोधायला आत वळले. पंप त्यांच्या पायाशीच पडलेला होता.

पंधरा दिवसांनी सोमारी आणि बुधरी आल्या. या दोघी उरलेल्या आशाताया, आणि दोघींच्या हातात त्याच नव्याकोऱ्या सायकली. त्यांना गिअर काढून हवे होते. जहीरभाऊंनी कारण विचारलं, जरी विचारायला नको होतं.

"रंजीता म्हणते, आपल्याले नाई जमत," सोमारी म्हणाली. "तुम्हीच सांगतलं ना तिले."

दोघी सरळ चेहऱ्यानं उभ्या होत्या. बुधरी खिळ्यावरच्या संचाकडे पाहत होती. जहीरभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका चुकीपायी एक बाई पडली, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण त्यांच्या तोंडचं एक वाक्य गावोगाव चालत गेलं, आणि आता बायका त्या वाक्याच्या आधारानं आपले चांगले गिअर काढून घ्यायला आल्या होत्या, आणि ते काम मिळणार होतं त्यांनाच. त्यांनी पान्याकडे हात नेला आणि परत घेतला. म्हणाले, आज नाही, परवा या, पण तोवर कुणाकडून काढून घेऊ नका.

घरी जेवताना त्यांनी बायकोला, जरीनाला, सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवलेलं टिकत नाही, हा चाळीस वर्षांचा दुसरा अनुभव. मग तिनं एवढंच विचारलं, की ती बाई पडली तेव्हा सायकलवरून पडली, पण नंतर तुमच्या जिभेनं पडली, ते कोण दुरुस्त करणार? ताटात भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते गडचिरोलीला गेले आणि अतुलसमोर उभे राहून म्हणाले की मला येत नाही, शिकव. हे चार शब्द बोलायला त्यांना बसच्या अख्ख्या प्रवासाएवढा वेळ लागला होता. अतुलनं टेबलावर दाखवलं: चेन मागच्या हातातून न नेता पुढची चकती आणि मागची सगळ्यांत मोठी चकती यांच्यावरून फिरवायची, जिथं टोकं भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या जास्त धरायच्या, मगच तोडायची. सांगायला मिनिटही लागलं नाही.

नवी चेन, नवा हात, खिळ्यावरचा संच आणि नटांच्या डब्यातल्या त्या चार कड्या घेऊन जहीरभाऊ आपल्या काळ्या सायकलवर कोसमटोल्याला निघाले. चढ लागला तसे उतरले. या चढावर ते आयुष्यात कधी सायकल घेऊन आले नव्हते. अर्ध्यात त्यांना दगडावर बसावं लागलं, छाती भात्यासारखी हलत होती, आणि त्यांच्या कॅरिअरला लसीचा डबासुद्धा नव्हता. इथंच कुठं तरी ती आपटली असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि तिथून उठावंसं वाटेना, वर जावंसंही वाटेना.

वर गोटूलच्या, म्हणजे गावच्या सामायिक घराच्या, मांडवात त्या दिवशी पोरांची वजनं चालली होती. वीसेक बाया बसलेल्या, गावचे दोन-तीन म्हातारे टेकलेले, रंजीता काट्यापाशी, सोमारी नोंदी घेत होती. बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. जहीरभाऊंच्या मनात ते आलंही. पण दुकानात चारचौघांसमोर जे बोललो, ते एकटीला सांगून कसं फिटणार?

ते मांडवाच्या कडेला उभे राहिले. खिशातून त्या चार कड्या काढून तळहातावर धरल्या.

"त्या दिवशी चूक तुही नव्हती, बाई. माही होती. मले येत नव्हतं, आणि चेन मी तोकडी केलतो. तुले मी खोटं सांगतलो."

काट्यातलं पोर रडायला लागलं तसं रंजीतानं त्याला उचलून आईकडे दिलं. मग ती जवळ आली, कड्या पाहिल्या.

"मंग मी पंधरा दिवस पायी काऊन फिरली भाऊ?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. जहीरभाऊंनी मान खाली घातली, आणि लाजेनं त्यांचे कान इतके तापले की ते सगळ्यांना दिसत असणार असं त्यांना वाटत राहिलं.

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि खरं तर आजवर म्हणालेली नाही. ती घरातून सायकल घेऊन आली, उलटी करून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "करा. पण मले दाखवून करा."

जहीरभाऊंनी तिथंच मातीत बसून काम केलं. चेन मोठ्या चकतीवरून फिरवली, टोकं भेटली, दोन कड्या धरल्या. तोडायला हत्यार लावलं तसा रंजीतानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिनं पहिल्या कडीपासून स्वतः मोजायला सुरुवात केली, गोंडीत, मोठ्यानं: उंदी, रंड, मूंद. मांडवातल्या बाया सरकून जवळ आल्या.

आता त्या तिघींपैकी कुणाचीही सायकल धानोऱ्याला आली, की असंच होतं. काम संपलं की ती बाई वाकते आणि कड्या मोजते, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, घाई न करता. चाळीस वर्षांचा कारागीर पाना हातात घेऊन तोवर बाजूला उभा राहतो. मध्येच कुणी नवखा विचारतो, काऊन मोजून राह्यली ती? तेव्हा जहीरभाऊ स्वतःच सांगतात, की माझ्यावर भरोसा नाई म्हणून.