मायनरला गणितच

बारावीत सई देवस्थळीला गणित होतं आणि थोडंफार दिसतही होतं. कागद नाकाजवळ धरला, अक्षरं ठसठशीत असली, की वाचता यायचं. रेटिनाचा आजार लहानपणापासूनचा. डॉक्टरांनी कधी काही लपवलं नव्हतं. बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात तेवढंही गेलं. उरला तो उजेड कुठल्या बाजूला आहे एवढा अंदाज. त्या उन्हाळ्यात सई पुष्कळ रडली, आणि मग कॉलेजात नाव घालायला गेली.

देवस्थळी मंडळी कोलकात्यात तीन पिढ्यांची. आजोबा रेल्वेत होते. सईचे बाबा अविनाश गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयात, आई सुनंदा बालीगंजच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. सईच्या मराठीत बंगाली इतकं मिसळलेलं, की नागपूरच्या आत्याला फोनवर अर्धं कळायचं नाही.

कॉलेज आईच्या शाळेजवळचंच होतं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, तत्त्वज्ञान मिळालं, त्याला कुणाची हरकत नव्हती. मायनर विषयाच्या रकान्यात सईने आईला ‘गणित’ लिहायला सांगितलं, तिथे सगळं अडलं. कारकुनाने अर्ज गणिताच्या विभागप्रमुखांकडे, भौमिक सरांकडे पाठवला. त्यांनी मायलेकींना बोलावलं, चहा मागवला, आणि सईशी न बोलता सुनंदाशी बोलले.

“मॅडम, राज्यशास्त्र द्या. इतिहास द्या. गणितात आकृत्या असतात, आलेख असतात. ही कशी करणार?”

“सर, मी इथे बसले आहे,” सई म्हणाली.

सर जरा चपापले. मग तोच प्रश्न त्यांनी तिला विचारला.

“कशी करणार ते मला अजून माहीत नाही. पण बारावीत गणितात पास आहे, तुमची अट तेवढीच आहे. विषय देणार नसाल तर नाही म्हणून लिहून द्या.”

लिहून द्यायला सर तयार झाले नाहीत. गणित मिळालं.

घरी बाबा नाराज होते. “बाळा, तत्त्वज्ञान आहे ना? तेवढं नीट होऊ दे. हे कोणाला दाखवायला चाललंय?”

“कोणाला नाही. मला आवडतं.”

“आवडतं म्हणून इतका त्रास?”

“दिसत होतं तेव्हाही त्रासच व्हायचा, बाबा. तेव्हा तुम्ही क्लास लावून दिलात.”

अविनाश पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसले.

वर्गातली अडचण आकृत्यांची नव्हतीच. आकृत्यांवर सुनंदाने पहिल्याच आठवड्यात तोड काढली. शाळेत ती नद्यांचे नकाशे लोकर चिकटवून करायची. तशीच लोकर लावून पुठ्ठ्यावर तिने वर्तुळं, लंबवर्तुळं, अन्वस्त बसवून दिले. त्यांच्यावरून बोट फिरवताना सईला वळण कुठे मंद होतं, कुठे घट्ट होतं ते इतकं नेमकं कळायचं, की बारावीत ते नुसतं पाहिलं होतं, समजलं नव्हतं, असं तिला वाटायला लागलं.

खरी अडचण भौमिक सरांच्या बोलण्यात होती. सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. “हे इकडे नेलं, याने भागलं, की हे येतं.” खडू वाजायचा, मुलं उतरवून घ्यायची, आणि सईच्या हाती एक ‘हे’ आणि एक ‘ते’ राहायचं. पहिले दोन तास ती गप्प बसली. तिसऱ्या तासाला तिने हात वर केला.

“सर, हे म्हणजे काय?”

सरांनी वाचून दाखवलं. पुढची ओळ आली. पुन्हा हात. “सर, याने म्हणजे कशाने?” मागच्या बाकावरून कोणीतरी जोरात उसासा टाकला. तास संपल्यावर एक मुलगी येऊन म्हणाली, “तू नंतर आमच्याकडून नोट्स घे ना. अशाने पोर्शन पुरा होणार नाही.”

“तासाला मीही येते,” सई म्हणाली. “मला तासातच हवंय.”

बंगालीत सई म्हणजे मैत्रीण, पण त्या वर्षी वर्गात तिला मैत्रीण मिळाली नाही. जेवायच्या सुट्टीत ती एकटीच बसायची. हात मात्र रोज वर जायचा. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर भौमिक सर वैतागून, पण आपणहून, प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत लिहायला लागले. हात पुन्हा वर जाण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं असावं.

मग परीक्षा आली. लेखनिक म्हणून कॉलेजने बंगाली विभागातली मौसुमी दिली. लेखनिकाला विषय येता कामा नये, असा परीक्षा विभागाचा आग्रह होता. मौसुमी गुणी मुलगी; अक्षर छान, शब्द सांगितला की लगेच लिहायची. सईने तोंडाने सगळा पेपर सोडवला. सगळं येत होतं. बाहेर पडली तेव्हा तिला वाटलं, जमलं.

बस स्टॉपवर मौसुमीने सहज विचारलं, “दिदी, तुमच्या गणितात इतकी वजाबाकी का असते?”

“कुठे होती वजाबाकी?”

“सारखी तर होती. एफ डॅश एक्स, एफ डॅश एक्स.”

सईने तिला ती रेघ आपल्या तळहातावर काढून दाखवायला सांगितली. डॅश म्हणजे अक्षराच्या डोक्यावर द्यायची बारीक तिरकी रेघ. मौसुमीने प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ मारली होती, मधोमध. पानंच्या पानं वजाबाकी. कंस तर सईने सांगितलेच नव्हते. दिसणाऱ्या माणसाला ते सांगावे लागतात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या पेपरात ती नापास झाली.

भौमिक सरांनी बोलावून घेतलं. या वेळी ते तिच्याशीच बोलले, आणि हळू आवाजात. “सई, अजून विषय बदलता येईल. मी स्वतः शब्द टाकतो. यात कमीपणा काही नाही.”

“सर, गणित चुकलं म्हणून नापास झाले असते तर विचार केला असता.”

“पण पुढच्या वेळीही असंच होईल.”

“पुढच्या वेळी मौसुमीच पाहिजे.”

सरांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

मौसुमीला खुणा शिकवून तिलाच बसवायचं, याला परीक्षा विभागाने आधी नाही म्हटलं. उमेदवाराने लेखनिक निवडायचा नाही, त्याला शिकवायचं तर नाहीच. सईने फोनला सरकारी नियम मोठ्याने वाचायला लावला; आपला लेखनिक आपण आणायची मुभा त्यात स्पष्ट होती. विभागातल्या बाईंनी फोन बंद करायला सांगितलं. सईने बंद केला आणि तोच नियम पाठ म्हणून दाखवला. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला अविनाश रजा टाकून बरोबर आले. तिथे ते बाकावर बसून सगळं ऐकत होते. परत येताना बसमध्ये म्हणाले, “त्या बाई तुझ्याशी फार उद्धट बोलल्या.”

“रोजच बोलतात.”

“मला कल्पना नव्हती,” अविनाश म्हणाले. त्यानंतर ‘हे कोणाला दाखवायला’ हा विषय घरात निघाला नाही.

परवानगी मिळाली. सुट्टीभर मौसुमी गार्डन रीचला सईच्या घरी येत राहिली. सईने तिला गणित शिकवलं नाही, फक्त खुणा शिकवल्या: कंस उघडला, कंस मिटला, घातात एवढं, घात संपला, डोक्यावर रेघ. मौसुमीला कंटाळा आला की सुनंदा पोहे करायची. एकदा मौसुमी म्हणाली, “दिदी, हे सगळं म्हणजे काय ते सांगितलंत तर लवकर लक्षात राहील.” सईला सांगायचा मोह फार झाला. “परीक्षा संपली की सांगेन,” ती म्हणाली.

तो पेपर सुटला. पुढचेही सुटत गेले. ग्रुप थिअरीचा, म्हणजे आकृती कशी कशी फिरवली तरी तशीच राहते त्याचा, पेपर तर तिने कोपऱ्याला खाच पाडलेला पुठ्ठ्याचा चौकोन हातात फिरवत सोडवला; पर्यवेक्षकाने तो चौकोन दोनदा तपासून परत दिला. शेवटची गुणपत्रिका आली तेव्हा सुनंदाने वाचून दाखवली: मेजर तत्त्वज्ञान, मायनर गणित. गणितात सरासरी बावन्न टक्के.

वार्षिक समारंभाच्या आधी भौमिक सरांचा फोन आला. कॉलेजला तिचा सत्कार करायचा होता. उत्तरीय, पुष्पगुच्छ, आणि सरांनी स्वतः लिहिलेलं छोटं भाषण. त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं. त्यात अंधार होता, दिवा होता, जिद्द होती.

सईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “सर, बावन्न टक्क्यांचा सत्कार कोणी करतं का?”

“तुझी गोष्ट वेगळी आहे.”

“वर्गात सत्तरच्या वर मिळवणारे आहेत. त्यांना बोलवा. मला साधारण मार्क मिळालेत, सर, आणि ते मला पुरे आहेत. साधारण विद्यार्थ्याला मिळतात तसेच मिळालेत.”

पलीकडे भाषणाचा कागद मिटल्याचा आवाज आला. “म्हणजे येणार नाहीस?”

“प्रेक्षकांत बसायला येईन. मौसुमीचं गाणं आहे.”

समारंभाला ती आली, तिसऱ्या रांगेत आईबाबांच्या मध्ये बसली. मंचावरून तिचं नाव कोणी घेतलं नाही. मध्यंतरात भौमिक सर शेजारी येऊन उभे राहिले. आता एम. ए. ला काय घेणार, असं त्यांनी विचारलं.

“तर्कशास्त्र,” सई म्हणाली. “‘हा विषय घेऊ नको’ असं त्या विभागाने आत्ताच सांगितलंय. उद्या जाणार आहे.”