डाव्या हाताची चाती

“सही करणार न्हाई म्हंजे न्हाई!”

“आवो, एवढासा कागद तो. आजीचं नाव तर द्यायचंय.”

“माझ्या बापाला दोन वर्साचा टाकून गेली ती. तिचं नाव मुंबईत भिंतीवर लावायचं व्हय?”

सोमाजीनं दुपारचं ताट बाजूला सारलं. सुंदरानं ते परत त्याच्यापुढं सरकवलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ताटाची ही ये-जा दोघांच्याही सवयीची झाली होती.

ठिणगी पडली ती बचत गटाच्या सहलीवरून. घोडेगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या डिंपलताईंनी गटातल्या बायकांना मुंबईला नेलं होतं. बंदराजवळच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीत राबलेल्या बायकांचे फोटो होते. कुणी गंज खरवडतेय, कुणी पाट्या वाहतेय. बाकीच्या समुद्र बघायला पळाल्या. सुंदरा एका फोटोपुढं थबकली. दुपारच्या सुट्टीत टेकलेली एक बाई. खाली लिहिलेलं : ‘दोर वळणारी कामगार. नाव अज्ञात.’

“दोर कुठला, ताई! लोकर कातती ती. चाती हाय हातात!” सुंदरा एवढ्यानं ओरडली, की रखवालदार धावत आला.

अन् चाती डाव्या हातात. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. तिची आजेसासू साळुबाईच ती! साळुबाईनंच नव्या नवरीला चातीवर कातायला शिकवलं होतं. म्हणून सुंदराही अजून डाव्या हातानंच कातते. म्हातारी सांगायची, “मी आगबोटी खरवडल्यात गं.” सगळे हसायचे. सुंदराही हसली होती. तेच आता तिला टोचत होतं.

संग्रहालयातल्या बाईंनी अर्ज दिला. फोटोखाली नाव लागेल. पण सही नातवाचीच हवी, नातसुनेची चालत नाही.

“मेंढरं मेली त्या साली,” सुंदरा म्हणाली. “पोटासाठी गेली ती.”

“पोटचं पोर दिसलं न्हाई का तिला?”

सुंदरा उठली. ट्रंकेतून हातभर लांबीची, पोराच्या मापाची घोंगडी काढली. सोमाजीच्या बापानं मरेपर्यंत उशाशी ठेवलेली.

“ही कुणी आणली?”

“आजीनं. मुंबैवरनं येताना. ठावं हाय मला.”

“अन् ह्यातलं सूत?” तिनं संग्रहालयात काढलेला फोटो मोबाईलवर उघडून घोंगडीवर ठेवला. “दिसभर लोखांड खरवडून, सुट्टीत घडीभर पडायचं सोडून, कुणासाठी कातत व्हती ती?”

सोमाजीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तोंडावरून सरकवत हातावर आणला. बराच वेळ तिथंच ठेवला.

मग त्यानं कागद ओढला. ‘नातं’ म्हणून होतं तिथं लिहिलं, ‘नातू’. खाली वाकडीतिकडी सही केली.

“जेवा आता. कालवण गरम करू का?”

ती एवढीशी घोंगडी खांद्यावर टाकून सोमाजीनं चपला पायांत सरकवल्या, आणि तो मेंढरांकडं निघून गेला.