रिकाम्या तळहातावरचा अंगठा

तंबाखू सोडून आज नववा दिवस. अंगात त्राण नाही, डोकं जड. बायको सकाळी लिंबाचं सरबत देते, खिशात भाजलेल्या ओव्याची पुडी घालते. तरी आज एसटी स्टँडवर बसलो होतो, ते समोरच्या टपरीवर जायचं पक्कं करूनच.

उठणार, तेवढ्यात बाकावरच्या माणसाकडे नजर गेली. माझ्याच वयाचा. डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासत होता, आणि तळहात रिकामा. मळून झालं, वर दोन थापाही मारल्या, चिमूट उचलायला गेला आणि एकटाच ओशाळला.

सोडायचं आपण ठरवतो, पण अंगठ्याला कोण समजावणार? जन्मभर त्या बिचाऱ्याने दुसरा नाद केलेला नाही.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"तिसरा."

मी त्याच्या हातावर ओवा ठेवला. पठ्ठ्याने तो मळला, थापटला आणि सरळ ओठात दाबला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

"अहो, चावायचा असतो तो!" मी हसलो. पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं, पण ते काही त्याला सांगितलं नाही.

डोळे पुसत तो म्हणाला, "जमतं का हो, पाव्हणं?"

"न जमायला काय झालं?" मी ऐटीत म्हणालो.

आता बोलून बसलो होतो. त्याच्यासमोर उठून टपरीवर जायची सोय राहिली नाही. मीही चिमूटभर ओवा तळहातावर घेतला.

एसटी उशिरा यावी, असं जन्मात पहिल्यांदाच वाटलं.