कंपनीचं डिफरेन्शियल

आमच्या ह्यांना गाडीचं भारी वेड. अमरावतीत आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं. दिवसभर माशा मारायच्या आणि संध्याकाळी आपल्या जुन्या मोटारीखाली घुसायचं, हाच ह्यांचा उद्योग. मी बी.एड. होऊन घरात बसलेली. जेवताना रोज मला डिफरेन्शियल ऐकावं लागे.

ते काय असतं, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आमच्या गाडीची पुढची चाकं ओढायची. एक चाक चिखलात गेलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच गरगरत्या चाकाकडे पळते आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म उभं राहतं. काळ्या मातीत हे नेहमीचंच. ताकद अशी एकीकडे पळू न देणारं डिफरेन्शियल वेगळं मिळतं. अकोल्याचे एक मिस्त्री ह्यांचे जुने दोस्त, त्यांच्याकडे तसली दोन आली होती. एक कंपनीचं, म्हणजे परदेशात ह्याच गाडीच्या भारी मॉडेलला कारखान्यातूनच बसवलेलं, मुंबईच्या भंगारातून आलेलं. दुसरं बाहेरचं, शर्यतीच्या गाड्यांना बसवतात तसलं, आत प्लेटी असलेलं. कंपनीचं मऊ चालतं, आवाज नाही, देखभाल नाही. बाहेरचं वळणावर कटकट वाजतं, स्टेअरिंग हातातून ओढतं, प्लेटी झिजतात. पण एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला ओढायला लावतं.

मिस्त्रींनी प्लेटीचंच घ्या म्हणून दोनदा बजावलं. पण आमच्याकडे एकदा ‘कंपनीचं’ म्हटलं की विषय संपला. बियाणं असो की बेअरिंग, डब्यावर शिक्का पाहिजे. ह्यांनी कंपनीचं बसवून घेतलं आणि महिनाभर गल्लीत मिरवलं.

दिवाळीच्या आधी अकोल्याच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात माझी वयाची अट उलटणार होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं जाणार होते, पण नाही, ह्यांना गाडीच न्यायची होती. मुलाखत अकराला, आम्ही सातला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे रास्ता रोको. लोक डांबरावर कापूस ओतून बसलेले. ह्यांनी गाडी वळवून शेतातल्या पांधणीत, कच्च्या गाडीवाटेत घातली. रात्री पाऊस झालेला. थोडं आत गेलो आणि डावं चाक बैलगाडीच्या चाकोरीत बसलं. उजवं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या गवतावर, चांगलं कोरडं.

ह्यांनी गॅस दिला. डावं चाक गरगर फिरलं, उजवं जागचं हललं नाही. पुन्हा दिला, पुन्हा तेच. कंपनीच्या मालानं असं तोंडघशी पाडलं! मी स्टार्चची साडी खोचून मागून धक्का दिला आणि पदरापर्यंत चिखलानं माखले. आसपास कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळं गाव रस्त्यावर बसलेलं. नऊ वाजले, दहा वाजले. मी चालत रस्त्यावर जाते, कोणाची तरी मोटारसायकल मिळेल, असं म्हटलं, तर हे म्हणाले, बसून राहा, निघतेच आता. आणि मी बसून राहिले. काच वर केली तर उकडत होतं, खाली केली तर चिखल उडत होता. मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल घेऊन मी घड्याळाकडे बघत होते आणि रडू आवरत होते. ट्रॅक्टर मिळाला तेव्हा एक वाजून गेला होता.

शाळेतल्या बाबूनं माझी साडी पाहिली आणि नजर खाली घातली. मुलाखती आटोपल्या होत्या, यादी संस्थेकडे गेली होती.

तिथून ह्यांनी गाडी मिस्त्रींच्या गॅरेजला नेली, खालून काही लागलं का ते दाखवायला. हे गाडीखाली वाकले असताना मिस्त्रींनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाभी, गॅस देताना ब्रेक थोडा दाबला नाही काय? कंपनीच्या मालाले तेवढं लागतेच. फिरत्या चाकाले ब्रेकनं जरासं धरलं का दुसरं लगेच ओढते. भाऊले तं मी दोन खेपा करून दाखवलं होतं.”

मी कप खाली ठेवला. मी सकाळपासूनचं सगळं डोळ्यांसमोर आणलं. चार-पाच तास मी ह्यांच्या शेजारी बसले होते. ह्यांचा पाय एकदाही ब्रेककडे गेला नव्हता.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. मग मी विचारलं, “तुमाले ब्रेकचं माईत होतं?”

ह्यांनी गिअर बदलला. “होतं,” म्हणाले.

“मंग काहून नाही दाबला?”

“दुकान तं बसलंच हाय. तुले अकोल्यात नोकरी लागली असती, तं मले कोनं विचारलं असतं?”

घरी पोचल्यावर मी अंगावरचा चिखल धुतला. हे पाटावर येऊन बसले आणि भाकर मागितली. मी चूल पेटवून त्यांना गरम भाकर वाढली. त्या भाकरीचा राग मला अजून येतो, आणि तो स्वतःचाच येतो.