गाड्या बदलाव्या लागतील इतक्या लांब

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर अंगचटीला आलेल्या एका माणसाच्या तोंडावर काजलनं फाडकन चप्पल मारली. मग ती चप्पल खाली टाकून पायात घातली आणि शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, "मुलींचं होस्टेल कुठंशी हाय गं?" मीही तिकडंच निघाले होते. मी कराडची, जिभेची तिखट. पण हात उचलणं हे प्रकरण मला नवीन होतं. त्याच दिवशी आम्हा दोघींना एक खोली मिळाली.

काजल म्हसवडची. कबड्डीत चढाईला गेली आणि समोरच्या पोरीचं नाक फुटलं, की वर तिलाच दम द्यायची, "मधी कशाला आलीस?" तिच्याशी भांडण्यात माझी बी.एस्सी.ची वर्षं मजेत गेली. एकदा सामन्यात ती आपटली म्हणून मी तिच्या पाठीला बाम चोळायला बसले, तर पाठभर पट्ट्याचे वळ. नवे-जुने, एकावर एक. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "दादा मारतोय, थोरला भाऊ. आई बाहेरनं कडी लावती, शेजाऱ्यांनी बघाय नको म्हणून."

पाळण्यात असतानाच तिला आत्याच्या मुलाला देऊन टाकलं होतं. तो वाळूचा डंपर चालवायचा आणि त्याच्या तोंडून शिवीशिवाय वाक्य निघत नसे. काजलला पुढं एम.एस्सी. करायची होती. ती शिकली तर घरच्या जावयाला खाली बघावं लागेल, हे तिच्या दादाचं म्हणणं.

शेवटच्या वर्षी आम्ही सगळ्या कुठल्या विद्यापीठाचं नाव मोठं, कुठं नोकरी लवकर लागते, असलं काहीबाही बघत होतो. काजल फक्त नकाशा बघायची. "हितनं जायला किती गाड्या बदलाय लागत्यात?" हा तिचा पहिला प्रश्न. मग त्या गावाचे फोटो मोबाइलवर काढून माझ्यापुढं धरायची. "कॉलेजसमोरच्या टपरीवर पोरी उभ्या हायत का बघ. एकट्या, च्या पीत."

"अगं बये, शिकायला जायचंय का फिरायला?" मी करवादले.

"जगाय," ती म्हणाली. "रसायनशास्त्र काय, सगळीकडं त्येच असतंय. दादाचा हात कुठवर पोचतोय त्ये आधी बघाय नको?"

तिनं हिमालयाच्या पायथ्याचं एक विद्यापीठ निवडलं. घरी सांगितलं, पुण्यात नोकरी लागली. मिरज स्टेशनवर मी तिला गाडीत बसवलं. गाडी हलली तशी ती खिडकीतून ओरडली, "रडतीस काय गं म्हशी? सुटले मी!"

पण आमच्याकडं पोरानं नाव काढलं की चौकात फ्लेक्स लागतोच. खेळाच्या दाखल्यासाठी तिनं शाळेतल्या कबड्डीच्या सरांना खरं गाव सांगितलं होतं. सरांची छाती फुगली. त्यांनी ते गल्लीतल्या मंडळाच्या पोरांच्या कानावर घातलं, आणि पोरांनी सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हा भला मोठा फ्लेक्स ठोकला. 'म्हसवडची शान काजल हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली विद्यापीठाचं नाव, गावाचं नाव, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल घातलेला तिचा दादा. मंडळाचा सभासद ना तो! बिचाऱ्या पोरांना वाटलं, भाऊ खूश होईल.

दादा आणि आत्याचा मुलगा गाड्या बदलत बदलत तिथं पोचले. भर दुपारी, कॉलेजसमोरच्या टपरीपाशी, आत्याच्या मुलानं तिचे केस धरले आणि दादानं लोखंडी पान्यानं तिचा हात मोडला. दुसरा घाव जबड्यावर बसला. तिनं दादाच्या कानाचा लचका तोडला. तेवढ्यात टपरीवरच्या पोरी धावल्या. एकीनं उकळत्या चहाचं पातेलं उचलून आत्याच्या मुलाच्या तोंडावर ओतलं, बाकीच्यांनी दोघांना पोलीस येईपर्यंत तुडवलं. हे सगळं मला काजलनंच फोनवर सांगितलं, बांधलेल्या जबड्यातून, बोबडं बोलत. "आल्याचा च्या हुता गं, वाया गेला," म्हणाली. मला हसू काही येईना.

दोघं जामिनावर सुटले आणि काजलनं ते विद्यापीठ सोडलं. पुढच्या वर्षी कुठल्याशा नव्या ठिकाणाहून तिचा फोन आला.

"कुठं आहेस?"

"बरी हाय. हितं सकाळी लय धुकं असतंय."

"अगं, गावाचं नाव सांग की!"

"त्ये न्हाई सांगायचं."

मी भडकले. एका ताटात जेवलो आपण, आणि माझ्यावर विश्वास नाही? तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढं तो नंबरही बंद झाला. मी कितीतरी दिवस तिच्या नावानं बोटं मोडत होते.

दिवाळी झाल्यावर तिचा दादा कराडला आमच्या घरी आला. आई बाजारात गेली होती. मी दार उघडताच त्यानं माझा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. "कुठं हाय ती?"

"माहीत नाही."

त्यानं थोबाडीत मारली. ओठ फुटला. "कुठं हाय?"

"नाही माहीत! सांगितलं नाही तिनं मला, भवानीनं!" मी भीतीनं नाही, तिच्यावरच्या रागानं रडत ओरडले. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं गळा सोडला आणि जिना उतरून गेला.

मी फरशीवर बसून हनुवटीवरचं रक्त पुसलं. ते नाव मला ठाऊक असतं, तर पहिल्याच थोबाडीत माझ्या तोंडून निघालं असतं. काजलला हे माझ्याआधी कळलं होतं.