गणपतचे तळवे

कुवेतमधल्या खैतान वस्तीतल्या खोलीत गणपत पाय चेपत बसला की सोबतचे म्हणायचे, "मीटर दमला आज." पाय हाच त्याचा मीटर होता. कुवेतचा उन्हाळा सगळ्यांना माहीत. पण जानेवारीत वाळवंटातली थंडी हाडांत शिरते, आणि काही हौशी मालकांनी घरात फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालून घेतल्या होत्या. ती ऊब लावून द्यावी तर प्लंबर गणपतनेच. भिंतीवरच्या तापमानाच्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. चपला काढायच्या, घरभर अनवाणी फिरायचं, तळव्याला नुसती ऊब कळली की थांबायचं.

बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून कुणी त्याला बूच मारलेलं दिसलं, की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "उसको गिरने दो भाई, नहीं तो टंकी फटेगी," असं तो घसा बसेपर्यंत सांगायचा. स्वतःच्या कुरकुरीला त्याने कधीच बूच मारलं होतं. पायांना मुंग्या यायच्या. पुढे त्याही थांबल्या, तेव्हा बला टळली म्हणून त्याला हायसं वाटलं.

देवगडजवळच्या गावात त्याचं घर झालं होतं. अंगणात लादी घालूया, असं त्याची बायको द्वारका फोनवर म्हणायची. "लादी नको," तो म्हणायचा. "हय दिसभर लादयेरच चलतंय मी." एवढा एकच हट्ट त्याने स्वतःसाठी धरला होता. कायमचं परत जायचं आणि सकाळी सारवलेल्या गार अंगणात अनवाणी उभं राहायचं. त्या आशेवर त्याने कितीतरी हिवाळे परक्यांच्या घरांत ऊब पेरली, आणि द्वारका कंबर मोडेपर्यंत अंगण सारवत राहिली.

दोन हजार चारच्या थंडीत सलवा भागात यूसुफ नावाच्या मालकाच्या घरी तो गेला. यूसुफची म्हातारी आई जमिनीवरच बसायची, म्हणून तिची खोली आधी. गणपत फिरला, ऊब कळेना. त्याने बटण वाढवलं, वाट पाहिली, पुन्हा फिरला. काटा वर गेलेला होता. काटाच बिघडलाय, असं म्हणून त्याने आणखी वाढवलं.

म्हातारीची गादी घेऊन घरकाम करणारी रहिमा आत आली आणि पाऊल टेकताच मागे सरली. "चाचा, फर्श तो जल रहा है." मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. तळव्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. "आपको नहीं लगता?"

गणपतने बटण खाली आणलं. म्हातारी बसली असती तर, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी तो पाय दाखवायला गेला, तेव्हा दवाखान्यातली पुण्याची नर्स, विजया, त्याच्या तळव्याशी वाकून काहीतरी करत होती.

"टोचा बाय, मी घाबरत नाय," तो म्हणाला.

"काका, टोचून झालं," ती हळूच म्हणाली. साखर फार वाढली होती, आणि गेलेली जाणीव बहुतेक परत येणार नव्हती.

उन्हाळ्यात तो कायमचा गावी आला. द्वारकाला पायांचं काहीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं जिने अंगण राखलं, तिला कुठल्या तोंडाने सांगणार. तो येणार म्हणून तिने आदल्या दिवशी अंगणात बसून कालवणासाठी तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, फोडल्या होत्या आणि सकाळी अंगण नव्याने सारवलं होतं. त्याने चपला काढल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. पायाखाली काही नव्हतं. माती नाही, ओल नाही, गारवा नाही.

"गार लागता मां?" द्वारकाने पायरीवरून विचारलं.

"होय गो. बरा गार लागता."

ती अंगणाकडे बघत होती. तो चालत गेला होता तिथे हिरव्या सारवणावर एकाच पावलाचे लाल ठसे उमटले होते. ती उतरली, त्याला पायरीवर बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं आणि तळव्यात रुतलेली तिसरीची शिंपली बोटांनी उपसून काढली. गणपत ते दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं बघत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.