दोन पत्र्यांची पट्टी

कितीतरी गुन्ह्यांची कलमे आता आठवत नाहीत, पण ट्रॉलीचा तो अपघात मनातून जात नाही. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोड मजुरांना घेऊन निघालेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरपासून सुटली आणि उलटी घरंगळत खड्ड्यात गेली. एका तरुण बाईचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. लोकांनी चालकाला धरून आमच्या ताब्यात दिले. तो प्यायलेला होता, असे जो तो सांगत होता.

वैद्यकीय तपासणीत दारू आढळली नाही. चालकाचे एकच म्हणणे होते, "साहेब, मी पेलो न्हवतो. चढाला लागलो अन् मागचा भार एकदम हलका झाला." त्याच्यावर विश्वास ठेवायला त्याचा मालकही तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगितले नाही. "ट्रॉलीची तुटलेली पट्टी घासून बघा. ती एक न्हाई, दोन हायत," एवढे बोलून तिने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली.

ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला जाड लोखंडी पट्टी असते. तिच्या भोकात पिन घालून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात. सगळी ओढ त्या पट्टीवर येते. पंचांसमोर आम्ही तिचा रंग खरवडला. तुटलेल्या तोंडाशी मधोमध बारीक फट दिसली. दोन पातळ पत्रे एकावर एक ठेवून नुसत्या कडेने वेल्डिंग केले होते, त्यावर ग्राइंडर मारून रंग दिला होता. फटीत जुना गंज होता. सरकारी तंत्रनिकेतनाकडून लेखी अभिप्राय आला. पत्रे जोडून जाडी वाढवण्यात गैर काही नाही, पण ते आतपर्यंत पक्के जोडावे लागतात. इथे तसे केलेले नाही.

पट्टी बनवणारा वेल्डर तालुक्यात नावाजलेला होता. आमच्या ठाण्याचे फाटक त्याच्याच हातचे. मी त्याला बोलावून समोर बसवले.

"माझ्या दुकानातून अख्खी पट्टी गेलती," तो म्हणाला. "मागून कुणी बदलली आसंल."

खोटे बोलणारा माणूस बहुधा फार तपशील देतो. हा मोजकेच बोलत होता, नजर न चुकवता. क्षणभर मलाच वाटले, आपण भलत्या माणसाला बसवून ठेवले आहे.

दुपारी त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. शिपायाने नेहमीप्रमाणे डबा उघडून पाहिला. ती मात्र बाहेर न थांबता सरळ माझ्या टेबलाशी आली. "साहेब, फोन मीच केलता."

नवरा म्हणाला, "तू घरी जा."

"दुकानात रंग मी देते," ती मलाच सांगत राहिली. "ती फट मला दिसत हुती. माझ्याच हातानं झाकली. मला बी आत घ्या." मग नवऱ्याकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "आपल्या पोरीच्या दारात बी तसलीच ट्रॉली हुबी हाय. आता बी गप बसायचं का?"

त्याने गमछा तोंडावर ओढला. त्याच्याआडूनच बोलू लागला. हंगाम तोंडावर आला होता, जाड प्लेट मिळत नव्हती, गिऱ्हाइके दारात बसून होती. "पहिली टिकली, म्हनून दुसऱ्या केल्या," तो म्हणाला. तशा पट्ट्या कुठे कुठे गेल्या, ती गावेही त्याने सांगितली. आम्ही फोन करून, कारण न सांगता, त्या ट्रॉल्या थांबवायला सांगितले. "मला संगं न्या. मीच सांगतो त्यांना," तो म्हणाला.

पट्ट्या जप्त करायच्याच होत्या, म्हणून त्याला जीपमध्ये घेतले. प्रत्येक गावात तो ट्रॉलीजवळ उभा राहून खाली बघत म्हणायचा, "ही पट्टी खोटी हाय. मी केलीय." कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंड फिरवले. तो ऐकून घेत होता.

शेवटची ट्रॉली आष्टी तालुक्यात, त्याच्या मुलीच्या सासरी. जीप बघून मुलगी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली आणि दोन शिपायांमध्ये बापाला पाहून जागीच थांबली. त्याने खाली बसून स्वतःच पिन उपसली. जावयाने मला विचारले, "साहेब, पट्टी कशापायी काढताय?" मी त्याच्या सासऱ्याकडे पाहिले. ते सांगणे त्याचे होते.

"बाबा, काय झालं?" मुलगी म्हणाली.

गावोगाव बोललेले वाक्य इथे त्याच्या तोंडून निघेना. शेवटी तो म्हणाला, "ही तुमाला दिली तवा मला ठाव हुतं."

मुलीने तांब्या जमिनीवर ठेवला आणि ती आत गेली. दार लोटून घेतले.

चालकाला न्यायालयाने दोषमुक्त केले. वेल्डरच्या बायकोने साक्षीत आपला वाटा लपवला नाही. वेल्डरला शिक्षा झाली. पण त्याची खरी शिक्षा मी त्या अंगणात पाहिली होती. पोलिसाच्या धाकाने माणूस कबूल होतो, हे मला ठाऊक होते. शरमेने तो कुठवर खचतो, ते त्या दिवशी कळले. परक्याची उघडी पडलेली लाज बघताना आपलीही नजर खाली जाते, हेही कळले. पंचनामा एरवी मी घराच्या ओट्यावर बसून लिहीत असे. त्या दिवशी तो रस्त्यावर जाऊन, जीपच्या बॉनेटवर लिहिला.